लाल गाडीचा पंप

सोमवार, २० जानेवारी

आजपासून पार्टची खरेदी माझ्याकडे. आधी हे काम करणाऱ्या मानसिंगने होसूरला दुसरी नोकरी धरली आणि आमचे मालक कल्लाप्पा अण्णांनी सकाळी शटर वर करता करताच सांगून टाकलं, "महांतेश, आता पार्ट तूच आणायचे." मी म्हटलं, मला जमेल का? म्हणाले, "तू चप्पल काढतानासुद्धा दोनदा बघतोस. खरेदीला असलाच माणूस लागतो."

दिवसभर जुनी बिलं चाळत बसलो. पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये साध्या गाड्या येत नाहीत. टर्बो बसवलेल्या, ताकद वाढवलेल्या, सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवायच्या गाड्या येतात. साध्या गाडीत चुकीचा पार्ट बसला तर गाडी बंद पडते. या गाड्यांत काय होतं, ते दाराशी पडलेलं जुनं इंजिन रोज सांगतं. त्याच्या बाजूला मूठ जाईल एवढं भोक आहे.

माझी शाळा अकरावीत सुटली. लिहिण्यात मात्र मी चूक करत नाही. भीती वाटेल तेव्हा इथे लिहायचं ठरवलं आहे. म्हणजे बहुतेक रोजच.

गुरुवार, २३ जानेवारी

अण्णांची एक सवय मला आवडत नाही. नवा पार्ट बाहेर निघाला की ते डब्याच्या लेबलावर कटर ओढतात, होलोग्राम खरवडतात आणि डबा पायाखाली तुडवतात. इतका सुंदर पुठ्ठा! मी विचारलं, का हो फाडता? म्हणाले, "हात शिवशिवतो रे. तूपण फाडत जा."

मला नाही जमत. माझ्या हाती लागलेले डबे मी न फाडता कपाटामागे रचून ठेवतो. कोपरा फाटला असेल तर आतून खाकी कागदाची पट्टी लावतो, भाताच्या खळीने, शाळेत पुस्तकांना कव्हर घालायचो तशी. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर ते उचकटतात.

हे डबे सूर्यकांत काका नेतात. दर पंधरा दिवसांनी स्कूटरवर येतात. त्यांच्या बायकोचा मेणबत्त्यांचा धंदा आहे, पार्सलला मजबूत डबे लागतात. मूळचे सांगलीकडचे. आज माझं काम बघून म्हणाले, "वा! अगदी नव्यासारखा. लेबल काढू नकोस हां, लेबलाने पुठ्ठा धरून राहतो." पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. टाकायचीच वस्तू. मग पिशवीतून भडंग काढून दिलं. या कानडी शहरात दिवस दिवस मराठी कानावर पडत नाही. काका आले की बरं वाटतं.

बुधवार, २९ जानेवारी

पहिलं मोठं काम आलं, आणि नको होतं तेच आलं. संहिता मॅडमची लाल गाडी.

मॅडम पुण्याच्या, इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला राहतात, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. वर्षभर पगारातून ही गाडी सजवली. २२ फेब्रुवारीला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर त्यांचा पहिला दिवस. अण्णांनी इंजिन उघडून तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही पंप बदलायला सांगितले.

मी अण्णांना विचारलं, जास्त भीती कुठल्या पंपाची? हात पुसत म्हणाले, "पाण्याचा पंप गेला तर काटा वर चढतो, वाफ येते, गाडी सांगते की बाबा थांब. तेलाचा गेला तर सांगायला वेळच देत नाही. बेअरिंग कोरडं, इंजिन जागच्या जागी जाम, पुढची चाकं जाम. दीडशेच्या वेगात चाकं जाम झाली तर गाडी कुठे जाते, ते गाडीलाच विचारायचं."

मॅडम शेजारी उभ्या राहून केळं खात होत्या. म्हणाल्या, "अण्णा, पोराचा चेहरा बघा. ट्रॅकवर जायचंय मला आणि पांढरा पडलाय हा."

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाण्याच्या पंपाचं ठरलं. आतला पंखा प्लास्टिकचा नको, धातूचा हवा. तेलाच्या पंपावर मात्र दिवस गेला.

या पंपाच्या आत एकात एक फिरणारी दोन दातेरी चक्रं असतात. कंपनीची साधी चक्रं लोखंडाची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेली असतात. रोजच्या रस्त्याला ती जन्मभर पुरतात. पण इंजिनाच्या फेऱ्या काट्याच्या शेवटच्या आकड्याला नेऊन तिथेच धरल्या तर इंजिन थरथरतं आणि चक्र बिस्किटासारखं तुटतं. म्हणून सबंध पोलादातून कापलेल्या चक्रांचा पंप हवा.

मॅडमनी नेटवर वाचून जादा तेल ढकलणारा पंप काढला होता. "जास्त प्रेशर म्हणजे जास्त सेफ ना?" अण्णा हसले. "सगळं तेल वर नेऊन ठेवलं तर खाली तळाला काय उरणार? लांब वळणावर पंप हवा ओढेल. माप तेच ठेवायचं. चक्र तेवढं मजबूत."

पंप मागवायचा तर बाहेरून सहा आठवडे. ट्रॅकला तीनही नाहीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मॅडमना आज दोनदा फोन केला. एकदा पाइपच्या क्लिपबद्दल, एकदा वॉशरबद्दल. दुसऱ्यांदा उचलताच त्या म्हणाल्या, "बोल सायरन." मागे कुणीतरी हसलं. आता वर्कशॉपमध्येही आमचा फिटर अभिराज मला सायरन म्हणतो. म्हणू देत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अण्णा चिकोडीला गेले. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दोन आठवडे तरी येत नाहीत. जाताना म्हणाले, "पंप तू बघ. कळतंय तुला."

मला कळत नाही. मला फक्त भीती वाटते. लोकांना ते सारखंच दिसतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पंप मिळाला! जे. सी. रोडच्या पार्टबाजारात सकाळपासून दुकानामागून दुकान पालथं घातलं. सगळे हसत होते, या गाडीचा पोलादी पंप इथे कुठे मिळायचा? शेवटी एका बोळातल्या दुकानदाराने वरच्या फळीवरून डबा काढला. "एकच पीस आहे गुरू. ओरिजिनल. नोडी, नोडी, चांगला बघून घे."

मी बघितला. लेबलावरचा नंबर अंक अंक बोट ठेवून ताडला. होलोग्राम टॉर्चखाली धरला, रंग बदलतो. छपाई स्वच्छ. गेल्या महिन्यात आमच्याकडे याच कंपनीचा, याच मापाचा एक पंप येऊन गेला होता. त्याचा डबा मला पाठ आहे, अगदी तसाच हा. डब्यावर शंका घ्यायला जागाच नाही. पंप हाताने फिरवला, गुळगुळीत. दुकानदार कंटाळून म्हणाला, "पोरगी बघायला आलायस काय?"

वर्कशॉपला आणून वजन केलं, फटी मोजल्या. सगळं जमतंय. तरी झोप येईल असं वाटत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन्ही पंप बसले. अण्णा फोनवरून सांगत होते, अभिराज पाना चालवत होता, दर बोल्ट किती बळाने आवळला ते मी मोजत होतो. इंजिन चालू केलं आणि प्रेशरचा काटा उडी मारून जागेवर आला. अभिराजने माझ्या पाठीत गुद्दा घातला. "बघ सायरन, वाजायची गरज नाही."

मॅडमनी व्हिडिओ कॉलवर पंपाचा डबा बघायला मागितला. मी होलोग्रामवर टॉर्च मारून दाखवला. "क्लास," म्हणाल्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गाडी दिली. मॅडमनी वळणावरून हॉर्न वाजवला. मी शटरपाशी उभा होतो. काही विसरलोय असं सारखं वाटतं. काय ते सापडत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं जागेवर राहील.

उद्या सूर्यकांत काका येणार म्हणून दुपारी डबे काढले. तेलाच्या पंपाचा डबा हातात घेतला. तळाला पुठ्ठ्याचा साचा असतो, ज्यात पंप बसतो. तळाचा कोपरा फाटलाय का बघायला तो साचा मी उचलला.

कोपऱ्यात खाकी पट्टी होती. भाताच्या खळीने चिकटवलेली. कोपरे गोल.

मी ती लावलेली नाही, असं आधी वाटलं. हा डबा तर जे. सी. रोडच्या दुकानातून सीलबंद आला होता. मग पट्टीवर बोट फिरवलं आणि ओळख पटली. ही मीच लावली आहे. गेल्या महिन्यात, त्या दुसऱ्या पंपाच्या डब्याला. काकांनी तो नेला. आणि तो परत आला, आत पंप घेऊन.

मेणबत्त्या नाहीत. मेणबत्त्या कधीच नव्हत्या.

डबा खरा, लेबल खरं, होलोग्राम खरा. आतला पंप कुणी कुठे केला, देव जाणे. मी नुसता डबा तपासत बसलो.

मॅडम दुपारीच मित्रांबरोबर निघाल्या होत्या. फोन लागेना. चौथ्यांदा उचलला. मागे हॉटेलातली भांडी वाजत होती.

"बोल सायरन. कृष्णगिरीला डोसा खातोय आम्ही."

"मॅडम, गाडी पुढे नेऊ नका. पंप खोटा आहे."

"कसला खोटा? प्रेशर मस्त आहे. तूच होलोग्राम दाखवलास की."

"डबा खरा आहे मॅडम. म्हणूनच पंप खोटा आहे. डबा माझा आहे."

"काय?"

"मी चिकटवलेला. कोपरे गोल आहेत."

मग त्या फोनपासून तोंड लांब नेऊन म्हणाल्या, "काय सांगतोय कळत नाहीये, कोपरे गोल आहेत म्हणे." तिकडे हशा. मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "महांतेश, तू पाणी पी. मी परत आले की बघू. ओके?"

त्यानंतर फोन बंद.

अण्णांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते नुसतं म्हणाले, "डबे का फाडतो, ते तुला सांगायला पाहिजे होतं होय? मला वाटलं, हे कुणालापण कळतं." आणि नंतर, "तिला ट्रॅकवर उतरू देऊ नकोस. काहीही कर. मी निघतो इथून."

काहीही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळची चेन्नईची बस आहे. डबा पिशवीत घेतला आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बसस्टँडवर बसून लिहितोय. उजव्या हाताला भाजलंय, अक्षर वाकडं येतंय.

वर्कशॉपचा शर्ट बघून ट्रॅकच्या फाटकावर कुणी अडवलं नाही. लाल गाडी लांबूनच दिसली. ट्रॅकची चाकं चढवण्यासाठी पुढून उचलून स्टँडवर ठेवली होती. मॅडम अंगात शर्यतीचा सूट चढवून उभ्या. मला बघून त्यांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"तू बसने आलास? इथे?"

मी डबा उघडून पट्टी दाखवली. काका, डबे, भडंग, सगळं सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. पट्टीवर बोट फिरवलं. मग प्रेशरच्या काट्याकडे बघितलं. मग ट्रॅककडे.

"असेल खोटा," त्या म्हणाल्या. "तरी इथवर नीट आलाय ना? मी शेवटच्या आकड्यापर्यंत नेणार नाही. चार राउंड. हळू."

"अण्णा म्हणतात—"

"अण्णा इथे नाहीत. महांतेश, मी या एका दिवसासाठी वर्षभर शनिवार-रविवार घेतले नाहीत. घरच्यांशी भांडलेय. माझी गाडी आहे, माझा जीव आहे. ठरवणार मी."

त्यांचं बरोबर होतं. भोंग्यावर त्यांच्या गटाचं नाव पुकारलं आणि त्या हेल्मेट आणायला वळल्या.

हळू म्हणून कुणी ट्रॅकवर हळू चालवत नाही. पुढची गाडी दिसली की पाय खाली जातोच, आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो.

त्यांच्याच पेटीतला सतरा नंबरचा पाना घेतला आणि गाडीखाली सरकलो. पाना दोनदा बोल्टवरून घसरला, मग बसला. तेल काढायचा बोल्ट असतो तळाला, तो सोडला. नुकतंच इंजिन गरम केलं होतं, सगळं तेल हातावरून, कोपरावरून, शर्टात. मी ओरडलो असेन. लोक धावले, कुणीतरी पाय धरून मला बाहेर ओढलं. फरशीवर तेल पसरत चाललं होतं. एक जण म्हणाला, "डबाभर तेल आहे माझ्याकडे, ओता परत. बोल्ट कुठेय?"

बोल्ट माझ्या मुठीत होता. तो माझी बोटं उघडायला लागला, तेव्हा मी तो कुंपणापलीकडच्या झुडपांत भिरकावला.

मी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावलेला नाही.

मॅडम हेल्मेट काखेत घेऊन आल्या. मला वाटलं, मारतील. त्यांनी फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जा इथून." एवढंच. बाकीच्या गाड्या एकामागून एक ट्रॅकवर गेल्या. मी लाकडाचा भुसा मागून आणला, तेलावर टाकला, झाडून घेतला आणि मग निघालो.

आता दोनच गोष्टी होऊ शकतात. पंप चांगला निघेल, आणि मी एका माणसाचं वर्ष मातीत घातलेलं असेल. किंवा पंप वाईट निघेल. पहिलंच व्हावं असं वाटतंय. मग दुसरं आठवतं आणि तेही व्हावं असं वाटतं. मला माझीच लाज वाटते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गाडी ट्रकवर लादून आली. मॅडम मागून टॅक्सीने आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, अण्णांना म्हणाल्या, "माझ्यासमोर उघडा."

अण्णांनी चक्र बाहेर काढून पुसलं. नुसत्या डोळ्यांना नितळ. अभिराज माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मग अण्णांनी लाल रंगाचं पातळ औषध फवारलं, थांबले, कोरडं पुसलं आणि वर पांढरी पूड मारली. भेग असली तर तिच्यात मुरलेला लाल रंग पुडीत उमटतो.

आधी काही नाही. मग एका दाताच्या मुळातून केसाएवढी लाल रेघ निघाली. वाढत गेली, सावकाश, आणि थेट दुसऱ्या कडेपर्यंत पोचली. शेजारी आणखी एक.

अण्णांनी चक्र वाइसच्या लोखंडी पकडीत धरून लाकडी हातोड्याने टिचकी मारली. नुसती टिचकी. तीन तुकडे झाले. तुटलेल्या जागी राखाडी, खरबरीत. भुकटीचं.

"नुसतं रस्त्याने चेन्नईपर्यंत जाऊन हे," अण्णा म्हणाले. "ट्रॅकवर पहिलं लांब वळण."

मॅडमनी एक तुकडा उचलला. तळहातावर उलटसुलट करून बघितला. मग माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी मी तुझं थोबाड फोडणार होते."

"हो मॅडम."

"हो काय? नाही म्हण की जरा." आणि त्या स्टुलावर बसल्या, तुकडा तसाच मुठीत.

मला हलकं वाटायला हवं होतं. मी अण्णांना विचारलं, "काकांनी बाकीचे डबे कुठे नेले असतील?"

काका राहतात कुठे, तेही मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. ते शनिवारी फिरकले नाहीत आणि त्यांचा फोन लागत नाही. अण्णा पोलीस चौकीत जाऊन आले. तिथे लिहून घेतलं, बघतो म्हणाले. बघेपर्यंत गाड्या थांबणार आहेत होय?

कुठल्या डब्यावर कुठलं लेबल होतं, ते मला आठवतं. सगळे आठवतात. प्रत्येकाला मी हात लावला आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी मॅडम आल्या. रजा टाकून. "चल, दाखव रस्ता," म्हणाल्या. अण्णांची जुनी व्हॅन त्यांनीच चालवली, अण्णा शेजारी, मी मागे. असल्या गाड्यांचं काम करणारी गॅरेजं शहरात फार नाहीत. पहिलं हेब्बाळचं घेतलं, पुलाच्या खालचं.

व्हॅन थांबली तरी मी आतच बसून राहिलो. आत जाऊन काय सांगायचं? की मी खोट्या पंपांना खरे डबे पुरवले? अण्णा म्हणाले, मी बोलतो. मॅडम म्हणाल्या, मी बोलते. मला दोघांचं पटत होतं. पण डबा ओळखणारा मी एकटाच होतो.

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला. "एन बेकु?" काय पाहिजे? मी कानडीतच सांगितलं, मधे न थांबता, थांबलो तर पुढे बोलता येणार नाही म्हणून. तो आधी हसला. मग अण्णांकडे बघून हसायचा थांबला. आत गेला आणि फळीवरून एक डबा घेऊन आला. म्हणाला, उद्या बसवायचा होता. गिऱ्हाईक बायको-मुलांना घेऊन उटीला चाललंय.

मी साचा उचलला. खाली पट्टी होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. मॅडम काहीतरी विचारत होत्या, ऐकू येत नव्हतं. उद्या बसवायचा होता, एवढंच डोक्यात फिरत होतं. अण्णांनी दंडाला धरून मला उभं केलं.

"ऊठ की रे," म्हणाले. "याने उद्या म्हटलं. पुढचा कदाचित काल म्हणेल."

व्हॅनमध्ये बसून हे लिहितोय. मॅडम वेगाने चालवतायत, अक्षर हलतंय. पुढचं गॅरेज दिसायला लागलं आहे. शटर उघडं आहे, आणि आत एका गाडीचं बॉनेट वर आहे.